क्रूझच्या आदल्या रात्रीची खोली : बोली कशावर लावावी आणि कशावर लावू नये

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैच्या अखेरीस एका शनिवारी सिॲटलहून सात रात्रींची अलास्का क्रूझ निघते आहे. त्या स्वतः, यजमान, सासू-सासरे आणि नऊ वर्षांची मुलगी असे पाच जण भारतातून येणार आहेत. सिॲटलमधील हॉटेलांचे त्या आठवड्यातले दर पाहून त्यांचे डोळे पांढरे झाले आहेत. न्यू जर्सीला राहणारे दीर सांगतात की ते पूर्वी संगणकावर बोली लावून चांगल्या हॉटेलातली खोली जवळजवळ निम्म्या किमतीत मिळवत असत. तेव्हा अशी बोली कुठे लावायची, किती लावायची आणि ती केव्हा लावलेली बरी, हे ताईंना हवे आहे.

ताई, तुमचे दीर सांगतात ते खोटे नाही, पण जुने आहे. मी गेली सतरा वर्षे सिॲटलजवळ राहून लोकांना क्रूझची आरक्षणे करून देण्याचे काम करतो आणि त्यातली सुरुवातीची बरीच वर्षे मी स्वतः हा बोलीचा खेळ हौसेने खेळलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचा खरा प्रश्न ‘किती बोली लावू’ हा नाही. जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही, परत न मिळणारे पैसे तुम्ही आधीच गुंतवलेले आहेत आणि बरोबर दोन वृद्ध माणसे आहेत. अशा एका विशिष्ट रात्रीच्या निवाऱ्याबाबत किती गोष्टी नशिबावर सोडायच्या, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ठरले की किमतीचा भाग फारसा अवघड राहत नाही.

आधी त्या जुन्या पद्धतीविषयी, कारण तिचे तर्कशास्त्र आजही उपयोगी पडते. प्राइसलाइन या कंपनीने १९९८ मध्ये ‘तुमची किंमत तुम्हीच सांगा’ ही कल्पना बाजारात आणली, प्रथम विमानाच्या तिकिटांसाठी आणि मग हॉटेलांसाठी. शहराचा नकाशा भागांमध्ये वाटलेला असे. आपण भाग निवडायचा, किती तारांचे हॉटेल हवे ते सांगायचे, एका रात्रीची किंमत लिहायची आणि कार्डाचा क्रमांक आधीच देऊन ठेवायचा. पलीकडे कोणी माणूस घासाघीस करायला बसलेला नसे. हॉटेलांनी भरून ठेवलेल्या गुप्त दरांशी आपला आकडा ताडून पाहिला जाई. जुळला तर पैसे त्याच क्षणी कापले जात आणि त्यानंतरच हॉटेलाचे नाव कळे. मग रद्द करणे नाही, बदल करणे नाही. आकडा जुळला नाही तर त्याच मागणीसाठी चोवीस तास थांबावे लागे, मात्र नवा भाग जोडला तर लगेच पुन्हा बोली लावता येई. मुरलेली मंडळी इथेच डाव साधत. ज्या भागात चार तारांचे एकही हॉटेल नाही असा भाग ती मुद्दाम जोडत. त्यामुळे नको त्या ठिकाणी खोली मिळण्याचा धोका नसे आणि पाच-सात डॉलर वाढवून फुकटची आणखी एक संधी मिळे. पन्नास डॉलरपासून सुरुवात करून अशा चार पायऱ्या चढत अठ्ठ्याहत्तरवर खोली पदरात पडली की होणारा आनंद वाचलेल्या पैशांपेक्षा मोठा असे, हे मान्य करायला हवे.

ही पद्धत विमानतिकिटांसाठी २०१६ मध्ये बंद झाली आणि पुढे हॉटेलांसाठीही गुंडाळली गेली. त्यामुळे दिरांनी वर्णन केलेले बोलीचे पान आता तुम्हाला सापडणार नाही आणि त्याच्या शोधात वेळ घालवू नये. तिची जागा नाव झाकलेल्या खोल्यांनी घेतली आहे. प्राइसलाइनवर त्यांना ‘एक्सप्रेस डील्स’ म्हणतात, हॉटवायर या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर ‘हॉट रेट’. यात किंमत समोर दिसते, भाग दिसतो, तारांची संख्या दिसते, आधीच्या पाहुण्यांनी दिलेले गुण आणि काही सोयी दिसतात. फक्त हॉटेलाचे नाव पैसे भरल्यावर कळते. पूर्वी आकडा ओळखण्याचे कसब लागे, आता नाव ओळखण्याचे लागते. बाकी स्वभाव तोच आहे: पैसे लगेच जातात आणि परत येत नाहीत.

हॉटेलवाले हे का करतात, ते समजून घेतले की सवलत कधी मिळेल याचा अंदाज बांधता येतो. रिकामी राहिलेली खोली दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, म्हणून ती कमी किमतीत का होईना, पण भरलेली बरी. मात्र स्वतःच्या नावाने उघडपणे दर पाडला तर तीनशे डॉलर देऊन राहणारा पाहुणाही कमी दर मागू लागतो. म्हणून नाव झाकायचे आणि ज्याला नावाशी देणेघेणे नाही अशालाच ती खोली स्वस्तात द्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, त्याचा इतका शब्दशः उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे: जेव्हा खोल्या रिकाम्या राहण्याची भीती असते तेव्हाच मोठी सवलत मिळते. अलास्काचा हंगाम साधारण एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरात संपतो. मेच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धात झाकलेल्या खोल्यांचे दर खरोखर चांगले असतात. जुलैच्या अखेरीस मात्र शनिवार-रविवारी एकाहून अधिक जहाजे सुटतात, गावात सीफेअरचा उत्सव असतो आणि पाऊस नसल्यामुळे इतर पर्यटकही भरपूर असतात. त्या आठवड्यात निम्म्या दराची अपेक्षा ठेवणे म्हणजे पंढरपुरात आषाढी एकादशीला रिकामी धर्मशाळा शोधण्यासारखे आहे. थोडीफार बचत होऊ शकते. ती किती हे त्या वर्षीच्या गर्दीवर अवलंबून राहील.

आता तुमच्या बाबतीत जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो माणसांच्या संख्येचा. झाकलेल्या खोलीत साधारणपणे दोन प्रौढ राहू शकतील एवढीच हमी गृहीत धरावी. एक मोठा पलंग मिळेल की दोन, हे बहुधा हॉटेलाच्या हातात असते. जोडप्याला याने काही फरक पडत नाही. तुम्ही पाच जण आहात, म्हणजे तुम्हाला दोन खोल्या लागतील, त्यातल्या एकीत तीन माणसे असतील आणि सासू-सासऱ्यांची खोली शक्यतो शेजारी हवी. येथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो. बोलीच्या काळात माझे आई-वडील आले असताना मी आधी आमच्यासाठी एक खोली घेतली आणि ती मनासारखी मिळाल्याच्या उत्साहात अर्ध्या तासाने त्यांच्यासाठी तोच भाग, तोच दर्जा आणि तीच किंमत लिहून दुसरी बोली लावली. ती मान्यही झाली, पण दुसऱ्याच हॉटेलात. दोन्ही हॉटेले चांगली होती आणि मध्ये नऊ चौक होते. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आमच्या बॅगेत राहिल्या होत्या, त्यामुळे रात्री अकरा वाजता मी ते नऊ चौक चढलो आणि उतरलो. तेव्हापासून माझा नियम आहे की दोन खोल्या हव्या असतील तर त्या एकाच व्यवहारात घ्यायच्या, आणि तसे करता येत नसेल तर नाव झाकलेल्या खोलीचा नाद सोडायचा.

‘चढलो आणि उतरलो’ हे शब्द मी उगीच वापरलेले नाहीत. सिॲटलचा मध्यभाग समुद्राकडे तीव्र उताराचा आहे. नकाशावर धक्क्यापासून सहाशे मीटरवर दिसणारे हॉटेल प्रत्यक्षात बॅगा घेऊन चालण्याजोगे असेलच असे नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तर नक्कीच नाही. त्यात येथे क्रूझचे धक्के दोन आहेत. पिअर ६६ हे शहराच्या मध्यभागालाच लागून आहे; पिअर ९१ तेथून सुमारे पाच किलोमीटर वायव्येला आहे आणि तेथे चालत जाण्याचा प्रश्नच येत नाही. विमानतळ मध्यभागाच्या दक्षिणेला बावीस-तेवीस किलोमीटरवर आहे. ‘क्रूझच्या धक्क्याजवळ’ असे लिहिलेले हॉटेल यांपैकी कोणत्या धक्क्याजवळ आहे, ते नाव कळल्याशिवाय सांगता येत नाही. आणि झाकलेल्या खोलीत तर आपल्याला केवळ नकाशावरचा एक रंगवलेला तुकडा दिसतो. तो तुकडा मोठा करून त्याच्या चारही कडा पाहाव्यात. त्याच्या सर्वांत गैरसोयीच्या टोकाला आपले हॉटेल आहे असे समजून ते चालणार असेल तरच पुढे जावे. मधोमध मिळेल अशी आशा धरून घेतलेली खोली हमखास कडेला निघते. यात शास्त्र काही नाही, पण तयारी त्याच हिशेबाने ठेवावी.

स्वस्त खोली शोधताना लोक विमानतळाच्या आसपासच्या हॉटेलांकडे वळतात आणि ते पुष्कळदा योग्यही असते, कारण तेथे विमानतळावरून नेणारी हॉटेलची मोफत गाडी असते. पण ही गाडी सहसा विमानतळापुरतीच असते, धक्क्यापर्यंत नाही. पाच माणसे आणि क्रूझच्या किमान सहा-सात बॅगा एका साध्या टॅक्सीत मावत नाहीत. एक मोठी गाडी किंवा दोन लहान गाड्या कराव्या लागतात. समजा, विमानतळाजवळ दोन खोल्यांमागे तुमचे ऐंशी डॉलर वाचले आणि शनिवारी सकाळी, जेव्हा सगळ्यांनाच धक्क्यावर जायचे असते तेव्हा, मोठ्या गाडीला तेवढेच पडले, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते. उलट मध्यभागात राहिलात तर विमानतळावरून लाइट रेलने येता येते. वेस्टलेक स्थानकापर्यंत साधारण चाळीस मिनिटे लागतात, मोठ्या माणसाचे भाडे तीन डॉलर आहे आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते लागत नाही. अर्थात वीस तासांचा प्रवास करून आलेल्या सासू-सासऱ्यांना बॅगांसह रेल्वेत चढवायचे की नाही, हे तुम्हीच ठरवावे. मी माझ्या आई-वडिलांना चढवले नसते.

तिसरा पर्याय सरोवरापलीकडच्या बेलव्ह्यूचा आहे. तेथील हॉटेले सोमवार ते गुरुवार कंपन्यांच्या कामासाठी येणाऱ्या लोकांनी भरतात आणि शुक्रवारी दुपारपासून ओस पडू लागतात, त्यामुळे शुक्रवार-शनिवारच्या रात्री तेथे मध्यभागापेक्षा स्वस्तात आणि बऱ्याचदा मोठ्या खोल्या मिळतात. शनिवारी क्रूझ असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मात्र धक्का गाठायला गाडी लागतेच, आणि पुलावर अपघात झाला की वेळेचा हिशेब कोलमडतो.

वेळेचा हिशेब म्हणजे काय, तेही सांगतो. सिॲटलची जहाजे बहुतेक दुपारी चारच्या सुमारास सुटतात. प्रवाशांची अंतिम यादी जहाज सुटण्याच्या तासभर आधी अमेरिकी अधिकाऱ्यांकडे जावी लागते, म्हणून कंपन्या प्रवाशांना सुटण्याच्या तास-दीड तास आधी आत घेऊन दार बंद करतात. भारत आणि सिॲटल यांच्यात उन्हाळ्यात साडेबारा तासांचे अंतर असते, म्हणजे तुमच्या शरीराच्या दृष्टीने दिवस आणि रात्र पूर्ण उलटे होतात. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी पोहोचणारे विमान पाहत असाल तर ते गुरुवारचे करावे, असे मी आग्रहाने सुचवेन. दुबई किंवा दोहा येथे जोडविमान चुकले तर शुक्रवारचा दिवस हाताशी राहतो. मग रात्री दोन होतील आणि खर्च वाढेल, हे मला ठाऊक आहे. पण बचतीचा विचार या दोन रात्रींच्या आत करावा, एक रात्र कमी करून नव्हे. दोन रात्री एकाच आरक्षणात घ्याव्यात. गुरुवार एका हॉटेलात आणि शुक्रवार दुसऱ्यात, असे करून तीस डॉलर वाचवणारी माणसे मी पाहिली आहेत. ती शुक्रवारचा दिवस बॅगा भरण्यात घालवतात.

हे सगळे मान्य असेल तर प्रत्यक्षात काय करायचे ते सांगतो. आधी, आजच, नाव माहीत असलेल्या आणि फुकट रद्द करता येणाऱ्या हॉटेलात दोन खोल्या घेऊन ठेवाव्यात. एकीत दोन पलंग आहेत हे आरक्षणात लिहिलेले असावे, आणि रद्द करण्याची शेवटची तारीख व वेळ फोनमधल्या दिनदर्शिकेत नोंदवून ठेवावी. ही मुदत कुठे एक दिवस आधीपर्यंत असते, कुठे तीन, तर कुठे सात. आणि ती हॉटेलाच्या घड्याळाप्रमाणे मोजली जाते, पुण्याच्या नव्हे. ही खोली म्हणजे तुमचा खुंटा. तो घट्ट असला की मग झाकलेल्या खोल्यांकडे निवांतपणे पाहता येते, आणि चांगली संधी आली नाही तर काहीच बिघडत नाही. बोलीच्या काळात ज्यांच्याकडे असा खुंटा नसे ती माणसे शेवटच्या आठवड्यात घाबरून जास्त बोली लावत आणि उघड दरापेक्षाही महाग खोली घेऊन बसत.

त्यानंतर साधारण तीन आठवडे उरल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी दर पाहावेत. तुलना करताना दोन्ही बाजूंची पूर्ण रक्कम, म्हणजे कर आणि सक्तीची शुल्के धरून, शेवटच्या पानावर दिसते ती घ्यावी. ग्राहकांचे हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेच्या नियमामुळे १२ मे २०२५ पासून सक्तीची शुल्के जाहिरातीतल्या किमतीतच दाखवावी लागतात, त्यामुळे पूर्वीची ‘रिसॉर्ट फी’ची, म्हणजे हॉटेलाने मागाहून लावलेल्या सक्तीच्या शुल्काची, फसगत बरीच कमी झाली आहे, पण सरकारी कर अजूनही शेवटी मिळवले जाऊ शकतात. गाडी ठेवण्याचे भाडे यात येत नाही, ते तुम्हाला लागूही नाही. माझी स्वतःची रेषा अशी आहे की पूर्ण रकमेत किमान पाचवा हिस्सा वाचत नसेल तर रद्द करण्याची मुभा सोडायची नाही. वृद्ध माणसे बरोबर असतील तर मी ही रेषा चौथ्या हिश्श्यापर्यंत वर नेतो, कारण आजारपणाने बेत बदलण्याची शक्यता वाढते.

नाव ओळखण्याची युक्ती सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. झाकलेल्या खोलीचा भाग, तारा, पाहुण्यांचे गुण आणि सोयींची यादी कागदावर उतरवावी. मग त्याच संकेतस्थळावर उघड नावांच्या यादीत तोच भाग आणि त्याच तारा निवडून कोणत्या हॉटेलात नेमक्या तेवढ्याच सोयी आहेत ते पाहावे. ‘मोफत न्याहारी’ आणि ‘पोहण्याचा तलाव’ या दोन खुणा फार बोलक्या असतात, कारण मध्यभागातल्या महागड्या हॉटेलांत न्याहारी सहसा फुकट नसते. बहुतेक वेळा यादी दोन-तीन नावांवर येते. त्या तीनही हॉटेलांपैकी कोणतेही मिळाले तरी चालेल असे वाटले तरच पैसे भरावेत. एक जरी नको असेल तर तेच मिळणार आहे असे धरून निर्णय घ्यावा. सासूबाईंना सकाळी दूध गरम करून लागत असेल, तर मायक्रोवेव्हचा उल्लेख यादीत नसताना तो मिळेल असे गृहीत धरू नये. येथील खोल्यांत कॉफीचे यंत्र बहुधा असते, पण आपल्याकडच्यासारखी किटली बऱ्याचदा नसते.

पैसे भरण्याआधी आणखी एक तपासणी करावी. सिॲटलहून निघणारी जहाजे बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर भारतातून येणाऱ्यांना अमेरिकेबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो. पाचही जणांचे दोन्ही व्हिसा हातात पडेपर्यंत परत न मिळणारी कोणतीही खोली घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त दिसो. कार्डाचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू आहेत का, तेही आधी पाहावे, नाहीतर ऐन वेळी व्यवहार अडतो. आणि खोलीचे पैसे आधी भरले असले तरी हॉटेलात पोहोचल्यावर किरकोळ खर्चापोटी कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवली जाते, ती सुटायला काही दिवस लागू शकतात. यासाठी क्रेडिट कार्ड पुढे करावे. आधी परकीय चलन भरून घेतलेल्या फॉरेक्स कार्डावर ती रक्कम अडकली तर क्रूझवर खर्चायचे पैसेच अडकून बसतात.

खोली घेतलीच, तर नाव कळल्यानंतर एक दिवस जाऊ द्यावा, म्हणजे आरक्षण हॉटेलाच्या नोंदीत पोहोचते, आणि मग थेट हॉटेलाला फोन करावा. दोन खोल्या शेजारी, एकीत दोन पलंग, आणि विमान उशिरा आले तरी खोली धरून ठेवावी, या तीन विनंत्या कराव्यात. हक्क म्हणून नव्हे, विनंती म्हणूनच. पण आठवडाभर आधी नम्रपणे केलेली अशी विनंती बहुतेक ठिकाणी मान्य होते, असा माझा अनुभव आहे. रात्री उशिरापर्यंत न आलेल्या पाहुण्याचे आरक्षण काही हॉटेले सोडून देतात, म्हणून तिसरी विनंती विसरू नये. हा फोन झाला, की त्याच दिवशी आधीची, रद्द करता येणारी खोली रद्द करावी. दोन्ही खोल्यांचे पैसे भरणारे लोक दर हंगामात एक-दोन तरी भेटतात.

तुमच्या जागी मी असतो तर मध्यभागात किंवा त्याच्या उत्तरेला सिॲटल सेंटर या उद्यान-परिसराच्या बाजूला, न्याहारी असलेल्या, नाव माहीत असलेल्या हॉटेलात दोन खोल्या आजच धरून ठेवल्या असत्या आणि जुलैत झाकलेल्या खोल्यांकडे केवळ कुतूहल म्हणून पाहिले असते. तुम्ही दोघेच सप्टेंबरात येणार असता तर मी याच्या अगदी उलट सांगितले असते. क्रूझच्या कागदांवर धक्का पिअर ६६ आहे की ९१ ते पाहून येथे लिहा, आणि विमान किती वाजता उतरते तेही; मग नकाशावरचा कोणता तुकडा तुमच्यासाठी चालण्यासारखा आहे ते मी नेमके सांगू शकेन.